खिशातला चाकू आणि खारं वारं

एप्रिलच्या टळटळीत उन्हात, पावसाला दीड-दोन महिने अवकाश असताना, दापोली-गुहागरकडच्या माणसाच्या खिशातला चाकू गंजतो. तसाच चाकू पुण्यात वर्षभर फारशी निगा न राखताही बरा राहतो. कोकणात पाऊस पडतो म्हणून लोखंड गंजतं, ही समजूत अर्धीच खरी आहे. खरा उपद्रव मिठाचा.

लाट फुटते तेव्हा फेसातले बुडबुडे फुटून खाऱ्या पाण्याचे बारीक तुषार हवेत उडतात. त्यातलं पाणी उडून जातं आणि मिठाचे कण वाऱ्यावर आत गावात येतात. खिडकीच्या गजांवर, सायकलच्या चेनवर, चाकूच्या पात्यावर बसतात. लोखंडाला गंज चढायला ऑक्सिजन आणि पाणी दोन्ही लागतात. ऑक्सिजन सगळीकडे आहेच. पाणी हे मीठ ओढून आणतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की साधं मीठ हवेतलाच ओलावा शोषून आपणहून विरघळतं. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ते यामुळेच. समुद्राच्या मिठात शिवाय मॅग्नेशियम क्लोराइड असतं, आणि ते तर ३३ टक्के आर्द्रतेलाच ओलं होऊ लागतं. किनाऱ्यावरची हवा इतकी कोरडी क्वचितच होते. म्हणजे हाताला कोरडं लागणारं पातंही खाऱ्या पाण्याचा अदृश्य थर अंगावर बाळगून असतं. हा थर वीज चांगली वाहून नेतो, आणि गंजणं ही मुळात विद्युत-रासायनिक क्रिया असल्यामुळे तिला तेवढंच हवं असतं. त्यात चाकू पँटच्या खिशात, घामातही मीठच.

लोखंडाने इथे तांबडं होणं काही नवीन नाही म्हणा. आपला जांभा तरी काय आहे? हजारो-लाखो वर्षांच्या पावसाने खडकातली सिलिका धुऊन नेली आणि लोखंडाची व ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहिली. पात्यावरच्या गंजात सापडणारं गोथाइट हे खनिज जांभ्यातही भरपूर असतं.

आता कोणी म्हणेल, कोकणात खिशातला चाकू हवाच कशाला? कमरेला आकडी, आकडीत कोयती, घरात विळी, पानाच्या तबकात अडकित्ता. सगळी सोय आहे. खरं आहे. पण कैरीची फोड करायला, सुतळी कापायला, कलमाची फांदी साफ करायला कोयती उपसणं म्हणजे जरा जास्तच. लाकडी मुठीचा, घडी होणारा छोटा चाकू या किरकोळ कामांसाठी फार सोयीचा. जगभर लोकप्रिय असलेला फ्रान्सचा ओपिनेल हा याच जातीचा. जोसेफ ओपिनेल यांनी तो १८९० मध्ये आल्प्समधल्या साव्हुआ भागात बनवला. बीच लाकडाची एकसंध मूठ, त्यात कापलेली फट, फटीत पातं, एक खिळा आणि वर धातूचं कडं. पातं उघडं असताना अचानक मिटू नये म्हणून फिरवून बसवायचं दुसरं कडं १९५५ मध्ये आलं. चाकू एवढाच. तो बनवला गेला डोंगरातल्या शेतकऱ्यांसाठी, आणि आपल्या किनाऱ्यावर आला की त्याच्या दोन्ही भागांची, पोलादाची आणि लाकडाची, परीक्षा सुरू होते.

आधी पोलाद. साध्या, म्हणजे कार्बन पोलादात लोखंड आणि टक्क्याच्या आसपास कार्बन असतो. गावचा लोहार ट्रकच्या कमानपाट्यातून कोयती घडवतो त्यात अर्धा-पाऊण टक्का. असं पातं दगडावर पटकन धार धरतं, तीही सुंदर, आणि गंजतंही तितक्याच पटकन. स्टेनलेसमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम घालतात. त्याचा ऑक्साइडचा थर अवघा काही नॅनोमीटर जाड असतो, पण तो घट्ट बसतो आणि ओरखडा पडला तर हवेतल्या ऑक्सिजनने आपणहून भरून येतो. गोम इथेच आहे. ऑक्सिजन मिळाला तर भरून येतो. चाकूच्या बिजागरीत, खिळ्याभोवतीच्या चिंचोळ्या फटीत, खारा ओलावा साचतो आणि ताजी हवा पोचत नाही. तिथे क्लोराइड तो थर फोडतं आणि बाहेरून आरशासारखा दिसणारा चाकू आतून खड्डे पडत गंजतो. स्टेनलेस घेतला म्हणजे सुटलो असं समजणाऱ्यांनी एकदा बिजागरीत टॉर्च मारून पाहावा. उपाय साधा आहे: समुद्रावरून आलं की गोड्या पाण्याखाली चाकू उघडून धुवायचा, पुसायचा, आणि उघडाच थोडा वेळ वाऱ्याला ठेवायचा.

माझं मत विचाराल तर मी कार्बन पोलादाच्या बाजूचा. कारण ते वापरणाऱ्याशी हिशेब चोख ठेवतं. नवं कोरं पातं घ्या आणि एक कच्ची कैरी चिरा. पहिली फोड पडते तेव्हा पातं पांढरं स्वच्छ. चौथ्या-पाचव्या फोडीला रस लागलेल्या कडेला निळसर झाक येते, मग ती करडी होते, फोडीच्या कापावर काळपट रेघ उमटते आणि जिभेला लोखंडाची चव लागते. कैरीतली आम्लं लोखंड किंचित विरघळवतात आणि तिच्यातली टॅनिनसारखी तुरट द्रव्यं त्या लोखंडाशी संयोग पावून काळा रंग देतात. श्रीवर्धनचा रोठा कातरला तर तोच प्रकार, अधिक गडद; सुपारीत टॅनिन ठासून भरलेलं असतं. टॅनिनचा हिरडा आणि लोखंडाचं हिराकस एकत्र करून पूर्वी पोथ्या लिहायची काळी शाई करत, ती याच रसायनाची. दोन-तीन आठवड्यांनी पातं सबंध राखाडी-काळं होतं. हा थर पोलादाला घट्ट चिकटून बसतो. तांबडा गंज मात्र सच्छिद्र असतो, ओलावा धरून ठेवतो आणि खालच्या लोखंडाला पोखरत जातो. काळं पातं गंजत नाही असं नाही, पण वेळ देतं. ते घासूनपुसून पुन्हा चकचकीत करणं म्हणजे फुकट मिळालेलं चिलखत उतरवून ठेवणं.

आम्लाची दुसरी बाजूही आहे. चांगल्या धारेची कड मायक्रॉनभर किंवा त्याहूनही बारीक असते, आणि माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉनचा. इतक्या बारीक कडेवरचं कणभर लोखंडही गंजाने किंवा आम्लाने गेलं की धार गेली. म्हणून कैरी चिरून न पुसता ठेवलेला चाकू सकाळी बोथट लागतो. जूनमध्ये ड्रॉवरमध्ये ठेवलेला चाकू गणपतीत काढला तर काहीही न कापता बोथट झालेला असतो. याउलट रोज वापरात असलेला चाकू रोज पुसला जातो, आणि पुसताना मीठही जातं.

कापण्यातही इथे एक शत्रू आहे: वाळू. किनाऱ्यावर पडलेला काथ्या किंवा जाळ्याची दोरी कापली की दोन-चार कापांत धार जाते. दोष काथ्याचा नाही. त्यात अडकलेले वाळूचे कण बरेचसे क्वार्ट्झचे असतात, आणि क्वार्ट्झ हे चाकूच्या पोलादापेक्षा कठीण. दोरी आधी झटकावी, जमल्यास धुवावी.

मग लाकूड. लाकूड मेलं तरी हवेशी देवाणघेवाण थांबवत नाही. आर्द्रता ५० टक्के असेल तर त्यात वजनाच्या साधारण ९ टक्के पाणी राहतं. आपल्या पावसाळ्यातल्या ८५ टक्क्यांना ते १८ टक्क्यांच्या घरात जातं. हे पाणी पेशींच्या भिंतींत शिरतं आणि लाकूड फुगतं, पण सगळीकडे सारखं नाही. लांबीला जवळपास नाहीच, वार्षिक वलयांना आडवं थोडं, आणि वलयांच्या रेषेत त्याच्या सुमारे दुप्पट. बीच तर फुगण्यात वस्ताद. मुठीच्या पात्याकडच्या डोक्याशी १५ मिलिमीटर लाकूड धरलं तर एवढ्या फरकाने ते अर्धा मिलिमीटरपर्यंत वाढू शकतं. बाहेरून धातूचं कडं आवळलेलं, त्यामुळे फुगायला जागा आतच, म्हणजे पात्याच्या अंगावर. जुलैमध्ये ओपिनेल उघडताना नख मोडायची वेळ येते ती यामुळे. साव्हुआतल्या लोकांची युक्ती अशी की मुठीचं मागचं टोक टेबलावर आपटायचं. धक्क्याने पातं थोडं बाहेर येतं आणि चिमटीत धरता येतं. आपल्याकडे जांभ्याचा चिरा आहेच.

साग याच फरकाला बीचच्या निम्म्यानेच फुगतो, शिवाय त्याच्या अंगात तेलकटपणा असतो. खैर आणखी कठीण, मूठ म्हणून झकास. पण खैराच्या गाभ्यात टॅनिन भरपूर, सावर्ड्याकडे त्यापासूनच कात काढतात. ओल्या दिवसांत लोखंडी खिळ्याभोवती खैर काळा पडतो आणि खिळाही खाल्ला जातो.

मुठीला तेल लावल्याने पाणी आत शिरायचं थांबत नाही, फक्त हळू शिरतं. तेवढंही पुष्कळ. खोबरेल पात्याला उत्तम, पोटात गेलं तरी चिंता नाही. पण त्यातली बहुतेक मेदाम्लं संपृक्त असल्यामुळे ते कधीच सुकत नाही. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन लाकडाच्या रंध्रांत घट्ट होतं, म्हणून मुठीला ते बरं. मात्र जवसाच्या तेलाचा बोळा चुरगळून कोपऱ्यात टाकू नये. घट्ट होताना तो तापतो आणि कधी आपोआप पेटही घेतो; पसरून वाळवावा किंवा पाण्यात बुडवावा. काजूच्या टरफलाचं तेल होड्यांना आणि वाशांना लावायची जुनी रीत आहे, तेही असंच घट्ट होतं. ते मुठीला लावायचा मोह आवरावा. ओले काजू सोलताना हाताची सालं काढणारं द्रव्य तेच.

सुताराकडून नवी मूठ करून घेणार असाल तर खिळा पितळेचा सांगा. खाऱ्या ओलाव्यात पितळ आणि पोलाद एकमेकांना भिडले की पोलाद लवकर झिजतं हे खरं, पण इथे पितळ जेमतेम आणि पोलाद भरपूर, त्यामुळे झीज विभागली जाते आणि जाणवत नाही. प्रमाण उलटं असेल तर मात्र धडगत नाही. ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये ‘अलार्म’ या लाकडी जहाजाच्या बुडाला तांब्याचे पत्रे लोखंडी खिळ्यांनी ठोकले. दोन वर्षांनी पाहिलं तर कित्येक खिळ्यांचा भुगा झाला होता आणि पत्रे ठिकठिकाणी सुटले होते.