टपाल तिकीट संग्रह

पोस्टाची तिकिटे, त्यांवरचे शिक्के आणि ती चिकटवलेली पाकिटे जमवण्याचा व अभ्यासण्याचा छंद. इंग्लंडात १८४० साली ‘पेनी ब्लॅक’ हे पहिले तिकीट निघाले. आशियातले पहिले तिकीट ‘सिंध डाक’. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. तिथे १ जुलै १८५२ पासून हे अर्ध्या आण्याचे गोल तिकीट चालू झाले. त्यातले लाल लाखेवर उठवलेले इतके ठिसूळ की आज फारच थोडे शिल्लक आहेत.

नवशिका मिळेल ते जमवतो. वही भरली की निवड करणे भाग पडते. कुणी देश धरतो: स्वतंत्र भारताची तिकिटे, म्हणजे २१ नोव्हेंबर १९४७ च्या तिरंग्याच्या साडेतीन आण्यांच्या तिकिटापासून पुढे. कुणी विषय धरतो. रेल्वेवाल्याची सुरुवात बोरीबंदर–ठाणे गाडीच्या शताब्दीला, १९५३ साली निघालेल्या दोन आण्यांच्या तिकिटाने होते. क्रिकेटवाल्याला सचिन तेंडुलकरची नोव्हेंबर २०१३ ची तिकिटे हवीतच. वानखेडेवर त्याचा शेवटचा कसोटी सामना चालू असताना ती निघाली. मराठी संग्राहक महर्षी कर्व्यांचे १९५८ चे तिकीट आवर्जून दाखवतात, कारण हयातीत तिकिटावर आलेले ते पहिले भारतीय.

खरी गंमत मात्र पाकिटात आहे. पूर्वी घरोघरी पाकिटाचा कोपरा कापून वाडग्यातल्या पाण्यात टाकायचा आणि सुटलेले तिकीट जुन्या वर्तमानपत्रावर वाळत घालायचे, अशी रीत होती. त्यात तिकीट हाती यायचे आणि पत्ता, तारीख, टपालाचा मार्ग असे सगळे कचऱ्यात जायचे. मुंबई हे टपालाचे बंदर, त्यामुळे इथे हा तोटा मोठा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे विमानाने टपाल घेऊन जुहूला उतरले. त्या टपालातले पाकीट शिक्क्यांसकट मिळाले तरच मोल. नुसते सुटे तिकीट तो प्रवास सांगत नाही. एडन-सुएझच्या आगबोटींवर टपालाची वर्गवारी करणाऱ्या ‘सी पोस्ट ऑफिस’च्या शिक्क्यांमागे लागलेले संग्राहकही याच पंथाचे.

नवी तिकिटे आता पत्रांतून क्वचितच येतात. ती मुंबई जीपीओच्या फिलाटेली काउंटरवर विकत घ्यावी लागतात. प्रथम दिवस आवरण, म्हणजे तिकीट निघाल्या दिवशीचा शिक्का मारलेले खास पाकीट, तेही तिथेच मिळते. जॉन बेग यांनी आखलेली, १९१३ साली पुरी झालेली ही घुमटाची इमारत संग्राहकाला वेगळी पाहायला जावी लागत नाही.

कोरे तिकीट की वापरलेले, हा वाद जुना आहे. मुंबईची हवा बहुधा वापरलेल्याच्या बाजूने कौल देते: कोऱ्या तिकिटामागचा डिंक दमट हवेत ओलावतो आणि तिकीट पानाला चिकटते. कागदावर तपकिरी ठिपके पडतात, ते निराळेच. म्हणून तिकीट बोटांनी न धरता चिमट्याने धरायचे, अल्बम आडवा न रचता उभा ठेवायचा आणि कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या. पावसाळ्यात तर कित्येक जाणकार अल्बम उघडतच नाहीत.