जबड्याचं हाड वाढवता येतं, दात अजून नाही

दात काढला की तो ज्या हाडात रुतलेला होता ते हाड लगेच झिजायला लागतं. पहिल्या सहा महिन्यांत त्या जागेची रुंदी साधारण तिसऱ्या हिश्श्याने, कधी निम्म्याहूनही जास्त घटते. वरच्या पुढच्या दातांपाशी ओठाकडची हाडाची भिंत बहुतेकांत 1 मिलिमीटरपेक्षाही पातळ असते. तिला रक्त मिळतं ते बरंचसं मुळाभोवतीच्या तंतूंमधून. दात निघाला की तंतूही जातात आणि भिंत उपाशी मरते. वर्षभराने इम्प्लांट (हाडात रोवायचा कृत्रिम दात) बसवायला गेलेल्या माणसाला ‘आधी हाड भरावं लागेल’ हे ऐकावं लागतं ते यामुळे.

टिश्यू इंजिनिअरिंगला, म्हणजे शरीराची उती मुद्दाम वाढवण्याच्या तंत्राला, तीन गोष्टी लागतात: पेशींना आधार देणारा सांगाडा, पेशी, आणि त्यांना हाड बनवायला लावणारी प्रथिनं. दवाखान्यातल्या रोजच्या कामात पेशी रुग्णाच्याच असतात, बाहेरून येतो तो सांगाडा. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात 1988 पासून टिश्यू बँक आहे. दान मिळालेलं मानवी हाड तिथे स्वच्छ करतात, गोठवून सुकवतात आणि गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. या कामाची प्रचलित मात्रा 25 किलोग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचं एकक). दातांच्या डॉक्टरांना विशेष उपयोगी पडते ती कॅल्शियम काढलेली भुकटी. आम्लाने कॅल्शियम विरघळलं की हाडात दडलेली, हाड बनवायला लावणारी बीएमपी नावाची प्रथिनं उघडी पडतात. असं हाड स्नायूत ठेवलं तरी तिथे नवं हाड धरतं, हे अमेरिकी अस्थिशल्यविशारद मार्शल युरिस्ट यांनी 1965 मध्ये दाखवलं. या प्रथिनांचं प्रमाण मात्र दात्यागणिक बदलतं, म्हणून भुकटीच्या दोन बाटल्यांचा गुण सारखा येईलच असं नाही.

दाताच्या खोबणीत हे हाड भरण्याचं काम दिसायला सोपं. दात हलक्या हाताने, भिंत न फोडता काढायचा; खोबणीतला सडका मऊ भाग खरवडून टाकायचा, अगदी हाडातून ताजं रक्त येईपर्यंत. हाडाचे पाव ते एक मिलिमीटरचे दाणे सलाइनमध्ये किंवा रुग्णाच्या रक्तात भिजवून खोबणीत सोडायचे. इथे हात आवरावा लागतो. लोणच्याच्या बरणीसारखं दाबून भरलं की दाण्यांमधल्या फटी बुजतात, आणि नव्या रक्तवाहिन्या शिरतात त्या याच फटींतून. वर कोलॅजन या प्रथिनाचा पडदा, हाडाच्या कडेबाहेर 2-3 मिलिमीटर जाईल एवढा, कारण हिरडीच्या पेशी हाडाच्या पेशींपेक्षा वेगाने वाढतात आणि मोकळी जागा मिळाली की आधी त्याच घुसतात. टाके ताण न देता घालायचे. मग चार ते सहा महिने थांबायचं.

बिघडतं ते बहुधा याच चार-सहा महिन्यांत. टाके उसवून पडदा उघडा पडतो, लाळेतले जंतू आत जातात, दाणे बाहेर येतात. तात्पुरती कवळी त्या जागेवर टेकत असेल तर रोजच्या हालचालीने हाडाऐवजी चिवट तंतुमय उती तयार होते. एक्स-रेमध्ये दाणे छान पांढरे दिसतात, पण ड्रिल घातलं की ते सुटे निघतात. तंबाखू आणि सिगारेट रक्तवाहिन्या आकसवतात. अशा रुग्णाला महागातला महाग ग्राफ्ट (भरायचं हाड) विकण्यापेक्षा आधी तंबाखू सोडायला सांगणं जास्त प्रामाणिक.

तोंडाच्या कर्करोगात जबड्याचा मोठा तुकडाच काढावा लागतो, तिथे दाणे कामाचे नाहीत. रक्तवाहिनीपासून 200 मायक्रॉनपेक्षा (मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा) लांब पडलेली पेशी जगत नाही. म्हणून आजही पायाच्या पोटरीतलं बारीक हाड, फिब्युला, त्याच्या रक्तवाहिन्यांसकट उचलून मानेतल्या वाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. जर्मनीतल्या कील इथे 2004 मध्ये वेगळी वाट धरली गेली. टायटॅनियमच्या जाळीत हाडाच्या खनिजाचे ठोकळे, 7 मिलिग्रॅम बीएमपी-7 (बीएमपी प्रथिनांपैकी एक) आणि रुग्णाचाच 20 मिलिलिटर अस्थिमज्जेचा अर्क घालून ती जाळी सात आठवडे त्याच्या पाठीच्या स्नायूत वाढवली, आणि मग वाहिन्यांसह जबड्यात बसवली. त्या रुग्णाचा जबडा आठ वर्षांपूर्वीच काढलेला होता, हे विसरू नये. जिथून गाठ नुकतीच काढली तिथे बीएमपी वापरत नाहीत, कारण ते पेशींना वाढायलाच सांगतं. मुंबईतल्या बहुतेक गरजू रुग्णांच्या बाबतीत घोडं इथेच अडतं.

अख्ख्या दाताचं गणित आणखी अवघड. इनॅमल बनवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येतानाच नष्ट होतात, त्यामुळे मोठ्या माणसाच्या तोंडात त्या उरतच नाहीत. जपानमध्ये 2009 मध्ये प्रयोगशाळेत जुळवलेला दाताचा अंकुर उंदराच्या जबड्यात रुजून पूर्ण दात झाला, पण त्यासाठी पेशी घ्याव्या लागल्या त्या उंदराच्या भ्रूणातून. यूएसएजी-1 हे दातांची वाढ थांबवणारं प्रथिन रोखून दात उगवू देणाऱ्या औषधाची माणसांवरची पहिली चाचणी क्योटोत 2024 मध्ये सुरू झाली, ती मुख्यतः सुरक्षितता तपासण्यासाठी.

या बातम्यांच्या जोरावर मुलांचे दुधाचे दात, त्यांच्या मगजातल्या मूलपेशींसाठी, पैसे भरून साठवायला सांगणारे भेटतात. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार व्यावसायिक साठवणुकीला मुभा आहे ती फक्त नाळेतल्या रक्ताला. दातांच्या मगजाला नाही.