म्होरकी पाठीमागे लपवू नका
(वयस्क, सोडवून आणलेला घोडा आमच्याकडून घरी नेणाऱ्यांसाठी. म्होरकी म्हणजे घोड्याला धरण्यासाठी त्याच्या तोंडावर चढवायचा दोराचा किंवा पट्ट्यांचा साज.)

घोडा घरी नेल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आम्हाला एक फोन येतो. शब्द जवळजवळ ठरलेले असतात: "पहिले काही दिवस छान येत होता हो. आता मला बघितलं की कुंपणाच्या पार टोकाला जातो. बादली दाखवली तरी ढुंकून बघत नाही." आम्ही विचारतो, "म्होरकी कुठे धरली होतीत?" पलीकडे जरा शांतता. मग हळूच, "पाठीमागे."

ती शांतता इतक्या वेळा ऐकली की शेवटी हे पत्रक छापलं. वैरण किती घालायची, खरारा कसा करायचा, नालबंदाला किती दिवसांनी बोलवायचं हे तुम्हाला येतं असं आम्ही धरून चालतो. ज्यांना येत नाही त्यांना आम्ही घोडा देत नाही आणि त्यापायी बोलणीही खातो.

ही युक्ती नेमकी कुठे अंगाशी येते

बादलीत मूठभर दाणे खुळखुळवायचे, दुसऱ्या हातातली म्होरकी पाठीशी धरायची, घोड्यानं तोंड बादलीत घातलं की झटकन गळ्यात दोर टाकायचा. पहिल्यांदा जमतं. दुसऱ्यांदाही जमतं, म्हणून तर ती सोडवत नाही. माणसांत वाढलेल्या तरण्या घोड्याला ती खपूनही जाते. आमच्याकडून जाणारे घोडे मात्र पंधरा, अठरा, बावीस वर्षांचे, बारा गावचं पाणी प्यायलेले असतात. असं पकडून त्यांना पूर्वी कुठे नेलं, काय केलं, हे आपल्याला सांगणारं कुणी नसतं. त्यांच्या मात्र ते लक्षात असतं. तिसऱ्या वेळी घोडा म्होरकीच्या आधी बादलीलाच बिचकतो. मग बादली आणणाऱ्या तुम्हाला, मग फाटकाच्या कडीच्या आवाजाला. एका दोराची भीती तुम्ही आपल्या हातानं अख्ख्या आवारात पसरवलेली असते.

बरं, लपवून काही लपतही नाही. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. कपाळाच्या अगदी पुढची थोडी जागा आणि शेपटीमागचा पट्टा सोडला तर मान न वळवता त्याला जवळपास सगळं वर्तुळ दिसतं. हात मागे धरून चालणाऱ्या माणसाचा खांदा तिरका होतो, पावलं आखडतात, नजर घोड्याच्या तोंडावर खिळते. बर्लिनमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हान्स नावाचा घोडा टाप आपटून गणितांची उत्तरं देतो म्हणून गाजला होता. ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ साली त्याची नीट तपासणी केली तेव्हा कळलं की बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं आणि तेवढं टिपून हान्स थांबायचा. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसलं की हान्सचंही गणित चुकायचं. इतकं बारीक बघणाऱ्या प्राण्याला तुमचा तिरका खांदा दिसणार नाही, असं समजू नका.

मग धरायची कशी?

उघड. खांद्यावर टाकून, सगळ्यांना दिसेल अशी. आवारात जाताना प्रत्येक वेळी ती तुमच्या खांद्यावर असू द्या: पाणी भरायला जाताना, लीद उचलताना, नुसतं उभं राहायला जातानाही. दहा वेळा म्होरकी आली आणि नऊ वेळा काहीच झालं नाही, हे त्याला मोजू द्या.

जवळ जाताना तोंडाच्या दिशेनं जाऊ नका, खांद्याच्या दिशेनं जा, तेही सरळ रेघेत नको. चालताना त्याच्या जबड्याकडे लक्ष ठेवा. घोडा चरत असतो, तुम्ही येता, आणि एका ठरावीक अंतरावर त्याचं चघळणं थांबतं. मान ताठ होते, एक कान तुमच्यावर रोखला जातो. तुमची हद्द तिथे. आणखी एक पाऊल टाकलंत तर तो निघून जाणार. तेव्हा थांबा, श्वास सोडा, आणि चघळणं परत सुरू झालं की दोन पावलं मागे जा किंवा सरळ वळून निघून जा. लोकांना हे फार जड जातं. "इतक्या जवळ गेलो होतो, आणि परत फिरायचं?" होय, परत फिरायचं. मी शांत उभा राहिलो की हा माणूस दूर होतो, हे त्याला ज्या दिवशी कळतं त्या दिवसापासून त्याला पळायची गरज उरत नाही.

चुकून हद्द ओलांडली आणि तो निघून गेला, तर पाठलाग नको. पण लगेच पाठ फिरवून घरीही जाऊ नका, नाहीतर पळालं की सुटका होते हा धडा पक्का होईल. आहात तिथेच उभे राहा. तो थांबून वळून बघेल. त्यानं बघितलं की तुम्ही जा.

पहिला स्पर्श कपाळाला किंवा नाकाला करू नका. नाकाच्या अगदी पुढचा हात त्याला नीट दिसत नाही. मान जिथे पाठीला मिळते, आयाळ संपते, तिथला उंचवटा खाजवा. घोडे एकमेकांना तिथेच दातांनी खाजवतात, आणि कामार्ग जातीच्या घोड्यांवरच्या १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथे खाजवल्यावर हृदयाचे ठोके कमी झालेले आढळले. थोपटू नका, खाजवा. थोपटणं आपल्याला आवडतं म्हणून आपण थोपटतो.

म्होरकी घालता आली की काढून टाका आणि निघा. दुसऱ्या दिवशीही तेच. कुठे बांधणं नाही, धुणं नाही, औषध नाही. ज्यांच्याकडे म्होरकी फक्त नालबंद येतो त्या दिवशीच निघते, त्यांचा घोडा नालबंदाच्या गाडीचा आवाज ओळखायला लागतो.

पकडायला सोपं जावं म्हणून काहीजण म्होरकी रात्रंदिवस तोंडावरच ठेवतात. कृपा करून ठेवू नका. कुंपणाच्या खांबाला अडकते, घोडा मागच्या पायानं कान खाजवायला गेला तर खूर अडकतो, आणि घाबरलेला घोडा जीव जाईपर्यंत ओढतो.

कुठलीही साधी म्होरकी चालेल, ती कानांवरून ओढून चढवावी लागू नये एवढं बघा. कानांना हात लावू न देणारे घोडे आमच्याकडे बरेच येतात, म्हणून कानामागे बकलानं उघडणारी म्होरकी आम्ही बनवून घेतो. घोड्यासोबत एक देतोच. दुसरी हवी असेल तर सांगा.

"तुम्ही दिलात तेव्हा शांत होता!"

ही तक्रार आम्ही ऐकून घेतो, पण मान्य करत नाही. हाल सोसलेला घोडा नव्या जागी पुष्कळदा काहीच करत नाही. कुणीही हात लावा, कुठेही उभा करा, तो दगडासारखा राहतो. याला लोक शांत म्हणतात. खरं तर काहीही केलं तरी उपयोग नाही, हे तो कधीच शिकून बसलेला असतो. पोट भरायला लागलं, अंगात त्राण आलं, की कधीतरी तो पहिल्यांदा कान मागे पाडून "नको" म्हणतो. तुम्हाला वाटतं घोडा बिघडला. आम्ही मनातल्या मनात खूश होतो, कारण नकार देणाऱ्या घोड्याशी बोलता येतं. त्या वेळी ओरडलात तर तो पुन्हा दगड होईल किंवा पुढच्या खेपेला कान न पाडता थेट चावेल. म्हणूनच घोडा आल्याबरोबर आम्ही तो देत नाही, काही आठवडे आमच्याकडेच ठेवतो. त्या दिवसांचा खर्च तुमच्या हिशेबात धरतो यावर कुरकुर होते. धरला नाही तर त्या दगडालाच शांत म्हणून तुमच्या गळ्यात मारावं लागेल.

रागात असाल त्या दिवशी आवारात जाऊ नका, हे जाता जाता. ससेक्स विद्यापीठाच्या २०१८ च्या प्रयोगात घोड्यांना एखाद्याचा रागावलेला किंवा हसरा फोटो दाखवला गेला. काही तासांनी तोच माणूस निर्विकार चेहऱ्यानं समोर आला, तर फोटोत दिसलेल्या भावानुसार घोड्यांचं वागणं बदललेलं होतं.

अविश्वास की दुखणं?

म्हाताऱ्या घोड्याच्या बाबतीत हा प्रश्न आधी विचारायचा. मागचा पाय देत नाही, तो हट्टी नसेल, गुडघा-घोटा आखडला असेल. पाय उंच धरू नका, जमिनीपासून वीतभरच उचला, थोडा वेळ धरा, खाली ठेवू द्या, परत घ्या. नालबंदाला हे आधीच सांगून ठेवा; त्याच्या पाठीला त्रास होतो, पण चांगला नालबंद ऐकतो. एकाच बाजूनं बुजत असेल तर त्या बाजूचा डोळा तपासून घ्या, मोतीबिंदू या वयात नवा नाही. लगाम किंवा म्होरकी घालताना तोंड वर फेकत असेल, चघळलेल्या गवताचे बोळे खाली पडत असतील, तर दात बघा. घोड्याचे दात आयुष्यभर हिरडीतून बाहेर सरकतात, वर्षाला साधारण २ ते ३ मिलिमीटर, आणि तेवढेच झिजतात; विशी ओलांडली की आतला साठा संपत येतो आणि झीज वेडीवाकडी झालेली असते. उन्हाळा आला तरी लांब केस झडत नसतील तर तेही पशुवैद्याच्या कानावर घाला.

दात आणि डोळे तपासल्याशिवाय आम्ही घोडा बाहेर सोडत नाही. तपासणीचा कागद सोबत असतो. तो फाइलीत ठेवून देऊ नका, वाचा. आमच्या माहितीतल्या निम्म्या "विश्वास बसत नाही" कहाण्या त्या कागदावरच सुटतात.

खाण्याबद्दल थोडक्यात. समोर गवत असू द्या, कारण घोड्याच्या पोटात आम्ल सतत तयार होतं आणि रिकामं पोट त्याला चिडचिडं करतं. हडकलेल्या घोड्याला मायेनं एकदम दाण्यांचा तोबरा चढवू नका, उपाशी शरीराला तो झेपत नाही, जिवावर बेततं. आम्ही दिलेला तक्ता आहे तसाच पाळा. खाऊ हातातून नाही, बादलीतूनच द्यायचा. हातातून खाणारा घोडा काही दिवसांनी खिसे तपासतो, आणि त्याला दात असतात.

पहिले काही दिवस एकाच माणसानं त्याचं सगळं करावं. पाहुणे, मुलं, शेजारी कुंपणाबाहेरून बघतील. आणि घोडा एकटा ठेवू नका. सोबतीला दुसरं जनावर नसेल तर आमच्याकडे दोन म्हाताऱ्या, कशानंही न हलणाऱ्या घोड्या आहेत. सुरुवातीच्या काळापुरत्या त्यातली एक पाठवतो. सोबतीण माणसाकडून खाजवून घेताना बघून नवा घोडा जे शिकतो ते आम्ही महिनाभर खपूनही शिकवू शकत नाही.

किती दिवस लागतील?

आकडा आम्ही सांगत नाही. एक खूण सांगतो. घोडा उभ्यानं डुलकी घेतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावंच लागतं, आणि जागा सुरक्षित वाटली नाही तर तो होत नाही. पहाटे त्याच्या अंगाला एका बाजूनं पेंढा चिकटलेला दिसला की समजा, जागा पटली. तुमच्या देखत आडवा झाला तर तुम्हीही पटलात. यावर घाबरून फोन येतात, "घोडा पडलाय!" तेव्हा आधी बघा: डोळे मिटलेले, श्वास संथ, अंग सैल असेल तर त्याला झोपू द्या. वारंवार लोळत असेल, कुशीकडे वळून बघत असेल, घाम फुटला असेल, गवत सोडलं असेल, तर तो पोटशूळ. तेव्हा आमच्याऐवजी पशुवैद्याला फोन करा, आणि ताबडतोब.

बाकी अडचणींसाठी आम्ही आहोत. पहिली भेट घोड्याच्या किमतीतच धरलेली असते, ती वाया घालवू नका. पुढच्या भेटींचं वेगळं ठरवू. फोन करण्याआधी दोन गोष्टी हाताशी ठेवा. एक, चघळणं थांबतं ते अंतर, पावलांत, मागच्या आठवड्याचं आणि या आठवड्याचं. दोन, तुम्ही फाटक उघडून आत जातानाचं मिनिटभराचं मोबाइल चित्रण, तुमच्या मागून काढलेलं. घोडा लांब, पुसट दिसला तरी चालेल. तुमचे हात दिसले पाहिजेत.