दक्षिणेत पाऊस दोनदा येतो

पावसाळ्यात पाठीवर सॅक टाकून बसने आणि बोटीने केरळ-तमिळनाडू फिरायचा बेत कुणी सांगितला, की मी आधी विचारतो, कुठला पावसाळा? आपल्याकडे जून ते सप्टेंबर हा एकच पावसाळा. ऑक्टोबरात गडगडाटासह कोसळतो तो परतीचा पाऊस. तमिळनाडूत नोव्हेंबरमध्ये पडतो तोही हाच, जाता जाता तिकडे रेंगाळलेला, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात ते दोन वेगळे मोसम आहेत, आणि तिकीट काढण्याआधी हा फरक कळला तर निम्मा मनस्ताप वाचतो.

नैर्ऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून येतात. केरळात त्यांची सर्वसाधारण तारीख 1 जून. सह्याद्रीला धडकून ते आपलं बहुतेक पाणी पश्चिमेकडेच रिकामं करतात, त्यामुळे घाटापलीकडच्या मदुराई-तेनीच्या वाट्याला उरतो तो कोरडा, सुसाट वारा. परतीचा पाऊस हा याच मोसमाचा शेवट. हे वारे देशातून साधारण ऑक्टोबरच्या मध्याला बाहेर पडतात. मग वाऱ्याची दिशाच फिरते. ईशान्येकडून येणारा वारा बंगालच्या उपसागरावरून बाष्प उचलतो आणि तमिळनाडूचा किनारा भिजवतो. हा ईशान्य मोसमी पाऊस डिसेंबरपर्यंत चालतो. चेन्नईला वर्षाचा सुमारे 60 टक्के पाऊस याच तीन महिन्यांत मिळतो. केरळला दोन्ही मिळतात. पहिल्याला तिथे कालवर्षम म्हणतात, दुसऱ्याला तुलावर्षम.

प्रवाशाच्या दृष्टीने दोघांचा स्वभावच निराळा. जुलैतला केरळचा पाऊस लागला की दिवसदिवस लागतो. तिथल्या साध्या बसच्या खिडक्यांना बऱ्याचदा काच नसते, गुंडाळलेलं ताडपत्रीसारखं शटर असतं. सर आली की सगळी बस खटाखट शटरं खाली ओढते आणि आत अंधार होतो. बाहेरचं काही दिसत नाही, म्हणून उतरायचं गाव कंडक्टरला आधीच सांगून ठेवावं. तुलावर्षमचं तंत्र वेगळं. सकाळ बहुधा लख्ख, दुपारनंतर ढग चढतात आणि संध्याकाळी विजांचा कडकडाट. म्हणजे नोव्हेंबरात बोट सकाळी धरायची आणि दुपारी चारनंतर उघड्या पाण्यावर राहायचं नाही. चेन्नई-नागपट्टिणमच्या किनाऱ्यावर उलट रात्री आणि पहाटे जोर जास्त असतो.

बोटीचं जरा सविस्तर सांगायला हवं, कारण केरळला गेलेले बरेच जण हाउसबोटीचे फोटो घेऊन येतात आणि सरकारी बोट बघतही नाहीत. आलप्पुळाची जेट्टी एसटी स्टँडच्या अगदी जवळ आहे. तिथून राज्य जलवाहतूक खात्याची कोट्टायमची बोट साधारण अडीच तास घेते, तेही अगदी किरकोळ तिकिटात. शाळेची मुलं, बाजाराच्या पिशव्या, कामावर निघालेली माणसं, सगळे तिच्यातच. वाटेत लागणाऱ्या कुट्टनाड भागातली भातशेती समुद्रसपाटीच्या खाली आहे. त्यामुळे बांधाच्या एका बाजूला बोट वर आणि दुसऱ्या बाजूला शेत खाली, असं दृश्य दिसतं. पण हेच पाणी जुलै-ऑगस्टमध्ये फुगलं, की छोट्या पुलांखालून बोट जात नाही आणि फेऱ्या अर्ध्यातच थांबतात किंवा रद्द होतात. म्हणून या महिन्यांत बोटीच्या दिवसाला जोडून एक मोकळा दिवस ठेवावाच.

या दोन पावसांची सीमा घाटमाथा आहे, आणि ती बसमधून ओलांडता येते. जुलैत मुन्नारहून तेनीची बस पकडा. घाटमाथ्यावरच्या बोडीमेट्टूपर्यंत धुकं आणि पाऊस, आणि वळणं उतरू लागलात की थोड्याच वेळात ऊन. ओले कपडे वाळवायला इतकी सोयीची बस दुसरी नाही. निलगिरीत तर एकाच जिल्ह्यात हा खेळ चालतो. गुडलूरला जून-जुलैचा पाऊस झोडपतो, तर कुन्नूर-कोटगिरीला ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. मेट्टुपाळयम-कुन्नूर डोंगरी रेल्वे दरडींमुळे बंद पडते ती बहुधा याच दुसऱ्या पावसात.

नियमाला एक सुंदर अपवाद आहे, कुट्रालम. गाव तमिळनाडूत, तेनकासीच्या शेजारी. पण घाटातल्या खिंडीतून नैर्ऋत्येचा पाऊस झिरपतो आणि जून ते ऑगस्ट तिथे भुरभुर पडत राहते. स्थानिक लोक तिला 'सारल' म्हणतात. धबधब्याखाली अंघोळीला गर्दी लोटते ती याच दिवसांत. कोल्लमहून तेन्मला, आर्यंकावू, सेंगोट्टईमार्गे बसने जाता येतं, आणि माझ्या मते दक्षिणेतल्या पावसाळी प्रवासात हा टप्पा चुकवू नये. नोव्हेंबरातही धबधबे वाहतात, पण तेव्हा पूर आला की अंघोळ बंद करतात.

धोकेही वेगळे आहेत. पहिल्या मोसमात भीती दरडींची. वायनाडमध्ये 30 जुलै 2024च्या पहाटे जे झालं ते आपण विसरलेलो नाही. त्यामुळे लाल इशारा असताना रात्रीची घाटातली बस नकोच. दुसऱ्या मोसमात भीती चक्रीवादळाची. 2018च्या नोव्हेंबरात 'गज' नागपट्टिणमच्या बाजूला धडकलं, 2023च्या डिसेंबरात 'मिचाँग'ने चेन्नई बुडवली. वादळाचा इशारा मात्र काही दिवस आधी मिळतो, तेवढ्यात किनारा सोडून मदुराई किंवा कोईमतूर गाठता येतं.

दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी चिदंबरमजवळच्या पिचावरमची कांदळवनं पाहायची असतील, तर आदल्या संध्याकाळी हवामान खात्याचा जिल्हावार इशारा बघावा. कन्याकुमारीला विवेकानंद शिलेची बोटही समुद्र खवळला की बंद ठेवतात, मग महिना कोणताही असो.