अहिराणी गायकांच्या ‘हिट’ संग्रहांमागची गोष्ट

एका लोकप्रिय गायकाची गाजलेली गाणी एकत्र करून विकण्याची प्रथा साधारण 1958 पासूनची मानली जाते. त्या वर्षी निघालेला एका अमेरिकन गायकाचा संग्रह तिथल्या खपाच्या यादीत 490 आठवडे टिकला. खानदेशात, म्हणजे अहिराणी बोलणाऱ्या मुलखात, ही प्रथा पोचली ती कॅसेटसोबत.

साठ मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला जेमतेम चार-पाच गाणी मावत. त्यातली एक-दोनच उचलली जायची, म्हणजे हळदीच्या रात्री लाऊडस्पीकरवर आणि वरातीत बँडवर वाजायची. बाकीची कुणाला आठवतही नसत. मग चार कॅसेटींतली चालणारी गाणी एका कॅसेटमध्ये आणणं ओघानेच आलं. निवड खरं तर बँडवाल्यांनी आणि नाचणाऱ्यांनी आधीच केलेली असायची. कंपनीने फक्त वेष्टन छापलं. धुळे-जळगाव-नंदुरबारइतकंच गिऱ्हाईक सुरतेच्या उधना-लिंबायतमध्ये कामाला गेलेल्या आपल्या माणसांचंही होतं. व्हीसीडी आली तेव्हा जुन्या आवाजावर नवी चित्रं चढली. एमपीथ्री सीडीत शंभरावर गाणी बसू लागली आणि निवडीला अर्थच उरला नाही. पुढे मोबाइलच्या दुकानात गाण्यांचं मेमरी कार्ड भरून मिळू लागलं, आणि 2016 नंतर इंटरनेट स्वस्त झाल्यावर तेही मागे पडलं.

आजचा वाद आहे तो पुन्हा गाऊन घेतलेल्या गाण्यांचा. अनेक संग्रहांत नाव जुन्या गाण्याचं असतं, पण आत असतो नवा ठेका, कीबोर्डवर वाजवलेली पावरी (मुळात फुंकून वाजवायचं वाद्य) आणि वय झालेला किंवा वेगळाच आवाज. असं का होतं, ते 1957 च्या कॉपीराइट कायद्यात आहे. ध्वनिमुद्रणाचा मालक निर्माता; ठरावीक रक्कम घेऊन गाऊन गेलेल्या गायकाला स्वतःचंच मूळ मुद्रण परत विकता येत नाही. गाणं पुन्हा म्हणून घेणं हीच त्याला उरलेली वाट, आणि त्याबद्दल त्याला दोष देता येणार नाही. 2012 च्या दुरुस्तीने दुसऱ्या कुणी गाऊन घेण्याचे नियमही घालून दिले: पहिल्या मुद्रणाला पाच वर्षं झालेली हवीत, वेष्टनावर ही नवी आवृत्ती असल्याचं लिहायला हवं, आधीच्या गायकाचं नाव किंवा चित्र वापरता येत नाही, शब्द-चालीच्या हक्कदारांच्या संमतीशिवाय, तांत्रिक गरजेपलीकडचे बदल करता येत नाहीत. त्या हक्कदारांचं मानधनही निदान 50,000 प्रतींच्या हिशेबाने, आगाऊ. अहिराणी गाण्याला हा आकडा झेपणारा नाही. कायद्याने मात्र एखाद्या भाषेसाठी किंवा बोलीसाठी, तिचा संभाव्य खप पाहून, हा किमान आकडा कमी करण्याची मुभा ठेवली आहे. 2011 च्या जनगणनेत खानदेशी (अहिराणी याच नावाखाली मोजली जाते) बोलणारे सुमारे 18 लाख 60 हजार नोंदले गेले. या तरतुदीची सर्वांत जास्त गरज कुणाला असेल तर ती अशा भाषेला. तरतुदीची चर्चा आपल्याकडे फार कमी झाली, याची खंत वाटते.

मूळ मुद्रण संग्रहात असायलाच हवं. त्यात डफ जरा पुढे येतो, कोरसमधली एखादी बाई अर्धी मात्रा मागे राहते; पण ते त्या काळचं लग्नघर आहे. नव्या मुद्रणाला विरोध नाही, फक्त त्यावर वर्ष छापा.

दुसरा गुंता ‘पारंपरिक’ या श्रेयाचा. आखाजीची (अक्षय्य तृतीयेची), कानबाई या देवीची, लग्नातली गाणी बायांनी पिढ्यान्‌पिढ्या म्हटलेली; त्यांच्या चालींवर कुणा एकाचा हक्क नाही. पण त्या चालीवर नवे शब्द बांधणारा गावातला माणूसही याच एका शब्दाखाली गाडला गेला. 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकाराला आपला मानधनाचा हक्क वारस किंवा कॉपीराइट संस्था सोडून कुणाला कायमचा लिहून देता येत नाही. तो मागायचा तर गाणं आपलं आहे हे आधी दाखवावं लागतं, आणि कॅसेटच्या काळातल्या कितीतरी वेष्टनांवर फक्त गायकाचा फोटो होता.