बर्डचं माहेर: चार्ली पार्करला बिग बँडची मानवंदना का?

‘बर्ड’ या टोपणनावाने ओळखला जाणारा जॅझमधला सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर म्हटलं की पाच जणांचा छोटा संच डोळ्यांपुढे येतो: सॅक्सोफोन, ट्रम्पेट, पियानो, बेस आणि ड्रम्स. मग त्याच्या स्मरणार्थ सतरा-अठरा वादकांच्या बिग बँडने मैफल का करावी, असं कुणालाही वाटेल. मला त्यात विसंगती दिसत नाही. बिग बँड हे पार्करचं माहेर होतं.

तो जन्मला 29 ऑगस्ट 1920 रोजी कॅन्सस राज्यातल्या कॅन्सस सिटीत आणि वाढला पलीकडच्या मिझुरीतल्या त्याच नावाच्या शहरात. टॉम पेंडरगास्ट या पुढाऱ्याच्या वरदहस्तामुळे तिथले क्लब दारूबंदीतही पहाटेपर्यंत चालत, त्यामुळे वादकांना काम मिळे आणि बँड टिकत. या बँडांचा प्राण म्हणजे रिफ. दोन-चार स्वरांचा तुकडा, पुन्हापुन्हा वाजणारा. पुष्कळदा तो कागदावर नसेच. रांगेतला एक जण सुरू करी, बाकीचे उचलत आणि त्यावर सोलो वाजवणारा झेप घेई. 1936 मध्ये रेनो क्लबमध्ये पंधरा-सोळा वर्षांच्या पार्करची ही झेप चुकली. ड्रमर जो जोन्सने त्याच्या पायाशी झांज फेकून त्याला थांबवलं. पुढच्याच उन्हाळ्यात ओझार्कच्या डोंगराळ भागात काम करताना त्याने लेस्टर यंगचे सोलो रेकॉर्डवरून घोटून घोटून पाठ केले. लेस्टर यंग तेव्हा काउंट बेसीच्या बिग बँडमध्ये होता. म्हणजे पार्करची तालीमही बिग बँडच्याच रेकॉर्डवर झाली.

जे मॅकशॅनच्या बँडबरोबर 30 एप्रिल 1941 रोजी डॅलसमध्ये ध्वनिमुद्रित झालेलं ‘हूटी ब्लूज’ जरूर ऐकावं. पार्करच्या वाट्याला जेमतेम एक आवर्तन, बारा बारचं (बार म्हणजे ठराविक मात्रांचा गट). तेवढ्यात एक नवीच भाषा कानावर पडते. 1942 च्या अखेरीस तो अर्ल हाइन्सच्या बँडमध्ये गेला. त्याच्या नेहमीच्या अल्टो सॅक्सोफोनची जागा रिकामी नव्हती, म्हणून त्याहून खालच्या स्वरांचा टेनर सॅक्सोफोन वाजवू लागला. डिझी गिलेस्पी त्याच बँडमध्ये ट्रम्पेटवर होता. पण वादकांच्या संघटनेने रेकॉर्ड कंपन्यांशी मानधनावरून झगडताना 1 ऑगस्ट 1942 पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला होता. त्यामुळे बीबॉप ही जॅझची नवी, वेगवान शैली जिथे आकार घेत होती, त्या बँडची एकही व्यावसायिक रेकॉर्ड निघाली नाही. या पोकळीची मला फार हळहळ वाटते. 1944 मध्ये पार्कर आणि गिलेस्पी बिली एकस्टाइनच्या बँडमध्ये काही महिने एकत्र होते, एवढंच.

पुढे मोठे बँड परवडेनासे झाले. दुसऱ्या महायुद्धात वादक सैन्यात गेले, पेट्रोल आणि टायर यांचं रेशनिंग आलं, 1944 मध्ये क्लबांवर जबर करमणूक कर बसला. पार्कर छोट्या संचाकडे वळला, पण माहेरचं सामान घेऊन. 26 नोव्हेंबर 1945 रोजी त्याने वाजवलेलं ‘को-को’ उभं आहे ‘चेरोकी’ या गाण्याच्या स्वरसंगतीवर, आणि ‘चेरोकी’ 1939 मध्ये घराघरांत पोहोचवलं होतं चार्ली बार्नेटच्या बिग बँडने. 22 फेब्रुवारी 1953 रोजी वॉशिंग्टनमध्ये तो पुन्हा एका बिग बँडपुढे उभा राहिला. सोबत तालीम झालेली नव्हती. ते ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. बँड अचानक वळण घेतो आणि पार्कर कानाने त्याच्या बरोबर वळतो.

12 मार्च 1955 रोजी तो गेला, वयाच्या 34 व्या वर्षी. तीनच आठवड्यांनी, 2 एप्रिलला, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्याच्या स्मरणार्थ मैफल झाली.

पण बिग बँडच्या रांगेतून त्याला मानवंदना कशी द्यावी, याचं सर्वांत सुंदर उत्तर 1972 मध्ये मेड फ्लोरी आणि बडी क्लार्क यांनी लॉस एंजेलिसमध्ये शोधलं. संचाचं नाव ‘सुपरसॅक्स’. त्यांनी पार्करचे उत्स्फूर्त सोलो रेकॉर्डवरून स्वरन् स्वर उतरवले आणि पाच सॅक्सोफोनांसाठी बांधले: दोन अल्टो, दोन टेनर, एक बॅरिटोन. वरचा अल्टो पार्करची मूळ ओळ वाजवतो, बॅरिटोन तीच ओळ एक सप्तक खाली धरतो, उरलेले तिघे मधले स्वर भरतात. एका माणसाला क्षणात सुचलेली ओळ पाच जणांनी एका श्वासात वाजवायची, तीही त्याच वेगात. त्यांच्या पहिल्या अल्बमला ग्रॅमी मिळालं. सॅक्सोफोनांचा हा भाग संपला की स्वतंत्र सोलो बहुधा ट्रम्पेट, ट्रॉम्बोन किंवा पियानोकडे जाई. सॅक्सोफोनचा सोलो आधीच होऊन गेलेला असे, पार्करचा.