गव्हाच्या शेतातली धावपट्टी आणि नॉर्मंडीची माती

6 जून 1944 ला दोस्त राष्ट्रांच्या फौजा फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या. चारच दिवसांनी, 10 जूनला, तिथल्या सेंत-क्र्वा-सुर-मेर या खेड्याजवळ कॅनडाची स्पिटफायर लढाऊ विमानं उतरली आणि इंधन भरून परत उडाली. ती उतरली ती जागा आठवड्यापूर्वी शेत होती. नकाशावर तिचं नाव होतं ‘बी-3’.

घाई का, ते उघड होतं. स्पिटफायरची टाकी लहान. इंग्लंडहून येताजाताच समुद्रावर बरंच इंधन खर्ची पडे, लढाईच्या वेळी वर थांबायला थोडंच उरे. म्हणून इंजिनिअर तुकड्यांनी बुलडोझर लावून पिकं आडवी केली, जमीन सपाट केली आणि सुमारे 1,200 यार्डांच्या पट्ट्या तयार केल्या. बऱ्याच ठिकाणी वर तीन इंची चौकोनांची तारेची जाळी अंथरली. गुंडाळी उलगडायची, ताणायची, कडेला खुंट्या ठोकायच्या. जाळीमुळे चाकाचा भार पसरतो, पण तो पेलायचा असतो खालच्या मातीनेच.

इथली माती म्हणजे लोएस. हिमयुगात वाऱ्याने वाहून आणलेली, पिठासारखी बारीक, मुख्यतः क्वार्ट्झच्या कणांची. आपल्याकडे शेतकरी मातीची मूठ दाबून वाफसा आला का ते बघतो. लोएसचंही तसंच आहे. बेताचा ओलावा असला की कणांमधलं पाणी त्यांना एकमेकांकडे ओढून धरतं आणि जमीन टणक राहते. पाणी आटलं की ती पकड सुटते, पाणी जास्त झालं की चिखल होतो. गव्हाची मुळं होती तोवर मातीला तोही आधार होता. बुलडोझरने तो काढून घेतला.

मग फुफाटा उडायला लागला. 20 मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा कण घ्या. हिशोब केला तर स्थिर हवेत तो सेकंदाला जेमतेम तीन सेंटिमीटर खाली येतो. विमानाच्या नाकावरच्या पंख्याने दहा मीटर उंच उडवलेली धूळ बसायला पाच मिनिटं लागतात, तोवर पुढचं विमान निघालेलं असतं. दूरवरच्या जर्मन तोफांना तो लोट दिसायचा. विमानाने पट्टी सोडलेली असो वा नसो, तोफगोळे यायचे.

सगळ्यात जास्त सोसलं टायफून विमानांनी. त्यांचं हवा घेण्याचं तोंड पंख्याच्या मागे, खाली हनुवटीसारखं होतं, म्हणजे नेमकं धुळीत. आत 24 सिलिंडरांचं सेबर इंजिन, आणि त्यात झडपांऐवजी सतत घासत फिरणाऱ्या नळ्या. तेलात क्वार्ट्झची पूड मिसळली की घासकामाची पेस्टच तयार होते. नळ्या झिजल्या, इंजिनं वेळेआधी निकामी झाली. शेवटी हवेच्या तोंडावर घाईघाईने गाळणी बसवली आणि पट्ट्यांवर पाणी मारलं. शत्रूच्या गोळ्यांइतकीच काळजी मातीची करावी लागली. युद्धाच्या इतिहासात हा भाग फार थोडक्यात उरकला जातो, याचं मला वाईट वाटतं.

काही पट्ट्यांवर डांबरात भिजवलेलं तागाचं गोणपाट एकावर एक सरकवून अंथरलं होतं. धूळही दबायची आणि पाऊसही आत मुरायचा नाही.

ऑगस्टअखेर आघाडी सीन नदीपलीकडे सरकली. विमानं तिच्या मागोमाग गेली, बी-3 रिकामी झाली. जमीन पुन्हा नांगराखाली आली. नॉर्मंडीत मागे राहिलेली जाळी आणि काही पट्ट्यांवर अंथरलेले छिद्रांचे लोखंडी पत्रे शेतकऱ्यांनी कुंपणाला लावले.